अमावास्येला रक्त सांडणारी गाडी

पोर्चमध्ये माणसे मावेनात म्हणून काही जण फाटकावर चढून बसले होते. समोरच्या आयटी पार्कच्या काचांवर अमावास्येची संध्याकाळ विझत होती, आणि त्या काचांच्या पायथ्याशी, खराडीच्या जुन्या गावठाणात, सर्जेरावांच्या बंगल्यापुढे एक पांढरी ऑटोमॅटिक गाडी सजून उभी होती. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबे, आणि इंजिन सुरू. उत्तरेश्वर महाराजांनी वाकून गाडीच्या पोटाखाली हातरुमालाएवढे पांढरे फडके पसरले. आरती लांबत गेली. गर्दीचे डोळे त्या फडक्यावर खिळले होते. शेवटी एक थेंब पडला. लाल. मग त्याच्याशेजारी दुसरा.

मागच्यांनी टाचा उंचावल्या.

गाडी रविराजची होती. सर्जेरावांचा एकुलता एक मुलगा, माझा शेजारी आणि शाळेपासूनचा मित्र. एका संध्याकाळी तो ऑफिसातून आला, गाडी पोर्चमध्ये लावली आणि खाली उतरलाच नाही. डॉक्टरांनी हृदयविकार म्हटले. घराने गाडी म्हटले. त्याच्या सीटचा कोन तसाच ठेवला गेला, आरसा त्याच्या उंचीला तसाच राहिला. काचेतून आत पाहिले की वाटे, कुणीतरी नुकतेच उठून गेले आहे आणि त्याने परत येण्याची वेळ सांगितलेली नाही.

त्या घराचा एक रिवाज आहे. जमिनी गेल्या, ट्रॅक्टर राहिला, पण अमावास्येला दारातल्या प्रत्येक वाहनाला पाणी, लिंबू आणि नारळ मिळतोच, आणि नारळ फुटला की वाहन सुरू करावे लागते. रविराजच्या पश्चात ती गाडी कुणी चालवत नव्हते. अमावास्येला मात्र ती सुरू होई. पहिल्या अमावास्येला त्याची बायको ऋतुजा स्टिअरिंगमागे बसली. तिने गिअर टाकला, इंजिन गुरगुरले, पण गाडी जागची हलली नाही. काही वेळाने तिने ती बंद केली आणि उतरून पाहिले, तर फरशीवर लाल डाग होता.

दुसऱ्या, म्हणजे वर सांगितलेल्या, अमावास्येला महाराज आले.

महाराजांचे निरूपण मी कान देऊन ऐकले आहे. गाडी म्हणजे देह, इंजिन म्हणजे हृदय, पेट्रोल म्हणजे प्राण आणि चार चाके म्हणजे चार आश्रम. स्टेपनीचे स्थान कोणत्या आश्रमात, हे विचारण्याचा मोह मी आवरला. आरतीनंतर ते स्वतः स्टिअरिंगमागे बसले आणि गाडी कोकरासारखी फाटकापर्यंत जाऊन परत आली. लोकांनी हात जोडले. मग महाराजांनी डोळे मिटून निवाडा सांगितला. रविराजचा आत्मा गाडीत अडकला आहे. सुनेचा स्पर्श त्याला सोसत नाही, म्हणून तो रक्त सांडतो. पुढच्या अमावास्येला गाडी मठात जावी आणि सून माहेरी, लोणी काळभोरला. तिची लहानगी लेक राधा मात्र घराण्याची. ती इथेच राहील.

गाडी कागदोपत्री ऋतुजाच्या नावावर होती, आणि महाराजांनी ती मठासाठी आधी मागितली तेव्हा तिने नकार दिला होता, एवढी माहिती वाचकाला पुरेशी आहे.

मी सर्जेरावांना समजावू पाहिले की ते तेल असेल. त्यांनी माझ्याकडे, रसायनशास्त्राच्या मास्तराकडे, मुंज न झालेल्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले.

"मास्तर, ट्रॅक्टरच्या तेलात हात घालूनच मोठं झालो आम्ही. तेल काळं असतंय. लाल तेल बघितलंय का तुम्ही कधी?"

मी बघितले नव्हते. आमची सगळी घरे डिझेलच्या काळ्या, जळकट ओळखीवर वाढलेली. त्या ओळखीत लाल रंगाला जागाच नव्हती. माझा तर्क तिथेच लंगडा पडला. आत देवघरात तुळजाबाई, रविराजची आई, ते डागाळलेले फडके चांदीच्या ताटलीत ठेवून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. जेवलास का, असे विचारत होत्या.

तो महिना मला अजून स्वप्नात येतो. ऋतुजा ऑफिसला जाई, येई, आणि घरातले कुणी तिच्या हातचे पाणी घेत नसे. राधेला आजीजवळ निजवू लागले होते. ऋतुजा रोज सकाळी गाडीसमोर क्षणभर थांबे. आपल्या माणसाने आपल्याला नाकारले, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. पण तसे नाही हे सिद्ध कसे करायचे, हेही तिला कळत नव्हते.

मग एका रविवारी तिने मला अडगळीच्या खोलीत बोलावले. रविराजची अवजारे तिथे होती. रविवारी गाडीखाली पाठीवर झोपणे हा त्याचा उपवास आणि उत्सव दोन्ही होता. कोपऱ्यात पाण्याच्या जुन्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांत काढ्यासारखे तपकिरी द्रव होते. बाजूला अर्धा उरलेला डबा होता. तिने झाकण उघडून पांढऱ्या कागदावर थेंब सोडला. लाल. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

"श्रीधरभाऊजी, जाण्याच्या आधीच्या रविवारी ह्यांनी गिअरचं तेल बदललं होतं," ती म्हणाली. "घरीच. मी चहा नेऊन दिला होता."

डब्यावर सगळे लिहिलेले होते. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरचे तेल लालच असते, मुद्दाम रंगवलेले; वापरून वापरून ते तपकिरी होते. ते तेल थंड करण्यासाठी एका रबरी पाइपातून रेडिएटरकडे जाते. तो पाइप सोडायचा, इंजिन चालवायचे, जुने बाटलीत घ्यायचे, तेवढेच नवे वरून ओतायचे, आणि पाइपातून लाल धार येऊ लागली की थांबायचे. मग पाइप परत बसवून क्लिप आवळायची.

आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. पाइपाचा सांधा ओला होता आणि क्लिप बोटाने फिरत होती. महाराजांचे फडके ज्या फरशीवर पसरले होते, ती फरशी नेमकी त्या सांध्याखाली होती.

ऋतुजाने क्लिपला हात लावला आणि तसाच ठेवला. ती आवळेल असे मला वाटले. तिने आवळली नाही. "मी ऑफिसात टेस्टिंगचंच काम करते भाऊजी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर करायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

तिसऱ्या अमावास्येला गर्दी दुप्पट होती. ऋतुजाची बॅग दारात भरून ठेवलेली होती. ती तिने स्वतःच भरली होती. महाराजांनी फडके पसरले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. तेव्हा ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. तिचे म्हणणे एवढेच होते की आज नारळ फुटेल, आरती होईल, पण गाडी सुरू करायची नाही. रक्त आले तर ती वळूनही न पाहता जाईल.

महाराज म्हणाले, आत्म्याला श्वास लागतो.

"तो गेला तेव्हा गाडी बंदच होती, महाराज," मी म्हणालो. कुणीतरी हसू दाबले.

सर्जेरावांनी किल्ली आपल्या मुठीत ठेवली. आरती झाली. पुन्हा झाली. महाराजांचा आवाज चिरकला, घामाने गंध ओघळले, पण फडके पांढरेच राहिले. मग सर्जेरावांनी स्वतः इंजिन सुरू केले, आणि थोड्याच वेळात फडक्यावर लाल थेंब पडला.

इंजिन चालू झाले की गिअरच्या तेलाचा पंप फिरतो, पाइपात दाब येतो आणि सैल सांध्यातून तेल गळते. पंप थांबला की आत्माही थांबतो. गाडी फक्त अमावास्येला सुरू होई, म्हणून रक्त फक्त अमावास्येला येई. रविराजच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्यावर गळून उरलेले तेल कमी पडले होते, म्हणून थंड गाडी ऋतुजाच्या हाती हलली नाही. महाराजांची आरती मात्र तेल तापेपर्यंत चाले, आणि तापलेले तेल फुगून पंपाला कसेबसे पुरे. हे मी गर्दीला सांगत होतो, पण गर्दीला व्याख्यान नको होते. कुणीतरी म्हणालेच, रक्त ते रक्त.

तेव्हा ऋतुजा देवघरात गेली आणि चांदीची ताटली घेऊन आली.

"मामंजी, जत्रेत बोकड तुम्ही कापता," ती म्हणाली. "महिन्याभराचं रक्त कसं दिसतं?"

सर्जेरावांनी फडके उचलले. ते तेलकट होते, प्रकाश आरपार जात होता, आणि डाग पहिल्या दिवसासारखाच लाल होता. त्यांनी बोटाने चोळले, हुंगले. तेल काळे असते ही त्यांची आयुष्यभराची ओळख त्यांना फसवून गेली होती. रक्त काळे पडते ही दुसरी ओळख तेवढी शाबूत होती.

"रक्त दुसऱ्या दिशी काळं पडतं," ते सावकाश म्हणाले. "हे रक्त न्हाई."

मग त्यांनी महाराजांना विचारले की थेंब कुठे पडणार हे फडक्याला आधी कसे कळते. महाराजांनी आकाशाकडे पाहिले. आकाशात विमान होते. फाटकावरची पोरे उतरून आधीच वाट करून देत होती. महाराज त्या वाटेने निघून गेले, आणि झेंडूची माळ मागे राहिली.

विजय झाला असे मला वाटले असते, पण तुळजाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर ते फडके होते.

"म्हंजी माझा लेक यात न्हवताच," त्या म्हणाल्या.

लोक भुतावर विश्वास का ठेवतात, हे मला त्या क्षणी कळले. भूत गेले की माणूस दुसऱ्यांदा जातो.

ऋतुजा त्यांच्या शेजारी बसली. "ती क्लिप त्यांच्याच हातची होती, आई. चहा गार होत होता, मी हाक मारली, आणि आवळायची राहिली. त्यांच्या हातचं तेवढंच काम अपुरं आहे."

रविवारी सकाळी, भर उन्हात, ते काम पुरे झाले. ऋतुजा गाडीखाली पाठीवर झोपली होती. तिने नवी क्लिप घातली आणि आवळली. वर तुळजाबाईंनी नरसाळे धरले होते, आणि लाल धार एकदाही बाहेर सांडली नाही. मग ऋतुजाने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला वळवला. राधा मागे बसली. गाडी निमूट फाटकाबाहेर पडली. पोर्चमधली फरशी कोरडी होती, आणि तुळजाबाई त्या कोरड्या फरशीकडे पाहत उभ्या होत्या.

वाचकहो, आपली माणसे जातात आणि घरात पोकळी राहते. त्या पोकळीत कुणीतरी बोलावे असे वाटणे हा गुन्हा नाही. पण त्या पोकळीतून तुमच्या सुनेचे, लेकीचे, आईचे नाव घेऊन कुणी बोलू लागला, तर हात जोडण्याआधी एक हात मोकळा ठेवा. थेंबाला बोट लावा, हुंगा, रात्रभर ठेवून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. शोक तुमचाच राहील, तो कुणी नेणार नाही. फक्त त्याची किंमत म्हणून जिवंत माणूस देऊ नका.