वेटोळं

"बाबा, मनगट टेकवायचं नाही. हात वर. हं, आता मधून सुरू करून बाहेर येणारं वेटोळं काढा."

"सकाळी सकाळी कसली वेटोळी? गिऱ्हाईक खोळंबलंय माझं." मास्तरांनी लेकीची पेन्सिल तिला परत दिली, चपला सरकवल्या आणि जिना उतरून शिलाईच्या दुकानात आले. गिऱ्हाईक एकही नव्हतं. खोळंबले होते ते कॉलेजचे पांढरे कोट.

न्यूरोसायन्स घ्यायचं खूळ असं पसरलं होतं की विचारू नका. मास्तरांच्या लेकीने ते घेतलं, तेव्हा वर्गातले अर्धे बाक रिकामे असायचे आणि गल्ली विचारायची, "मेंदू शिकून पोट भरतं का गं?" आता त्याच गल्लीतल्या नर्सबाईंची धाकटी तिकडे, किराणावाल्याचा मुलगा तिकडे. प्रयोगशाळेचे कोट मास्तरच शिवायचे, त्यामुळे खूळ त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. फक्त सुट्टीत घरी आलेलं प्रत्येक पोर आईबापांचं डोकं तपासत सुटायचं.

"काल मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं," दारातून जाता जाता किराणावाला म्हणाला. "मी म्हटलं, आधी तू करून दाखव. तर पठ्ठ्याने मोबाइल काढला!"

मास्तर खूप हसले. उजवा हात खिशात ठेवूनच हसले.

त्या हाताचा अंगठा हल्ली आपल्याच मनाने फिरायचा, खडूचा तुकडा चोळत असल्यासारखा. वेटोळं काढायला लावतात ते हात कापतो का हे पाहायला, एवढं त्यांना ठाऊक होतं. लेकीला पुढच्या शिक्षणासाठी दूर जायचं होतं. तिने हे पाहिलं की बॅग परत माळ्यावर जाणार, हे ते ओळखून होते. आपणच तिच्या वाटेत आडवे येणार, या विचाराने त्यांना धड बसवेना. मशीन उघडलं, झाकलं. दारापर्यंत गेले, परत आले. शेवटी एका चिंधीवर खडूने वेटोळं काढून पाहिलं. ते कुरतडल्यासारखं आलं. दुसरं त्याहून वाईट. पोरीच्या परीक्षेचा अभ्यास बाप करतोय, याचं त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि रडूही.

मग नजर मशीनवर गेली. गोल कॉलर शिवताना सुई कुठे फिरते? सुई जागच्या जागी, फिरतं ते कापड.

जेवणानंतर त्यांनी स्वतःच हाक मारली. "आण गं तुझा कागद."

उजवं कोपर बरगडीशी गच्च दाबून त्यांनी पेन्सिल कागदावर रोवली आणि डाव्या हाताने कागद हळूहळू फिरवला. वेटोळं असं सुबक उतरलं की त्यांनाच वाहवा म्हणावंसं वाटलं. लेक मात्र वेटोळ्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"बाबा, कागद नाही फिरवायचा." तिने कागदावर आपला तळवा ठेवला. "आता काढा."

सुटका नव्हती. पेन्सिल थरथरत निघाली आणि अर्ध्यातच थांबली. लेकीचा तळवा हलला नाही.

"पास का नापास?"

"यात पास-नापास नसतं, बाबा."

नापास पोराच्या बापाशी शाळेतल्या बाई अशाच मऊ बोलतात. मास्तरांना कळायचं ते कळलं. "तू मात्र जायचंस," ते जवळजवळ ओरडलेच. "माझ्या हातासाठी तू थांबलीस तर मी जेवणार नाही, सांगून ठेवतो." ती उठून आत गेली. ते तिथे बसू शकले नाहीत, दुकानात आले.

ऊन उतरता उतरता ती दुकानात आली. डोळे लाल, हातात स्वतःचा नवा पांढरा कोट.

"बाह्या लांब आहेत. तिकडे न्यायचाय."

मास्तरांनी डाव्या हाताने कोट घेतला.

"उद्या दोघं डॉक्टरकडे जाऊ. औषध सुरू झालं की मी जाईन. आणि दर सुट्टीत वेटोळं काढायचं. लबाडी न करता."

"आणि ह्या बाह्या?"

"तुम्ही पाय चालवा. कापड मी फिरवते."

ती समोर उभी राहिली. मशीन सुरू झालं. गोल बाही सुईखालून सावकाश फिरू लागली, आणि मास्तरांनी उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. अंगठा फिरत होता. त्यांनी तो झाकला नाही.