भिंतीपलीकडची सवत

सासूबाई थट्टेनं त्या सिनेमाला सवत म्हणायच्या, पण सुनेला ते हसण्यावारी नेता येत नसे. नवऱ्यानं लग्नाआधी चार मित्रांना हाताशी धरून काढलेला सिनेमा. एक बाई स्वतःच्याच घरातली एकेक खोली विटांनी बुजवत जाते आणि भिंतीपलीकडून कुणीतरी ओरखडत राहतं. कोण, ते कळत नाही. पहिल्या खेळाला निम्मे लोक उठून गेले होते म्हणे. आता दर वर्षी तो पुन्हा लागला की थिएटर भरायचं. कॉलेजातली पोरं त्या बाईचे संवाद तिच्याआधी पुटपुटायची, दचकायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

सुनेनं मात्र तो धड पाहिलाच नव्हता. पडद्याकडे बघताना नवऱ्याचे डोळे जसे व्हायचे, तसे आपल्याकडे, अगदी बाळाकडे बघतानाही होत नाहीत, हे तिला सलायचं. या खेपेला ती बाळाला घेऊन दुपारच्या खेळाला निघाली.

"त्याला कशाला? मी सांभाळते की," सासूबाई म्हणाल्या.

"नको. आम्हालाही बघू दे, एवढं काय आहे तिच्यात!"

"जा बाई. पण तिच्या घरी जाऊन भांडू नकोस हो!"

थिएटरात नवरा मागे दाराशी उभा राहिला. ती मधल्या रांगेत बसली, नाक मुरडायच्या तयारीनं. पण बाईनं तिसऱ्या खोलीला हात घातला आणि हिचा श्वास अडकला. विटांमागून आता रडणं येत होतं, चिरकं, घोगरं. पुटपुटणारी पोरंही गप्प झाली. हे याला सुचलं तरी कसं! ती खुर्चीत पुढे सरकली. हात आपला बाळाला थोपटत होता.

एवढ्यात नवरा रांगेतून वाट काढत धावत आला.

"अगं, बाळ रडतंय!"

"सिनेमात..."

"सिनेमात रडणं नाहीच. नुसते ओरखडे आहेत."

तिनं मांडीकडे पाहिलं. बाळ रडून लालबुंद झालं होतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. नवऱ्यानं त्याला उचलून छातीशी धरलं. पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चल, येतेस ना?"

शेजारची पोरगी पुढचे शब्द पुटपुटू लागली होती. तिला सगळं ठाऊक होतं. हिला तिचा असा काही हेवा वाटला की पिशवीतली दुधाची बाटली हिनं न बघताच नवऱ्याच्या हातात कोंबली.

"तू हो पुढे," ती म्हणाली.