दुपट्यावरचा लाल पोपट

मी एक दुपटं बोलतंय. पण मी सांगेन ते सगळं तस्संच घडलं, असं कुणी धरून चालू नये. माझी आठवण एकसंध नाही. मी चिंध्यांचं आहे. माझ्या काठाच्या फ्रॉकला जे आठवतं ते पोटातल्या धोतराला मान्य नसतं, आणि लुगडं तर दोघांनाही खोटं पाडतं. शिवाय ज्यांनी मला शिवलं त्या हरिहररावांचा शंकेखोर स्वभाव टाक्याटाक्यानं माझ्यात उतरलाय. ते तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुलूप लावून जिना उतरले, की ते नीट लागलं का हे बघायला पुन्हा वर येणारे.

खरं तर मला त्यांच्या पत्नी, मालिनीताई, शिवणार होत्या. घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं पहिलं दुपटं त्यांच्या हातचं, आणि तेही जुन्या कापडाचं. कोऱ्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोचते. पण लेकीला, ऋजुताला, दिवस गेले आणि त्याच सुमारास मालिनीताईंच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. उजेड कळे, समोरच्याचा आकार कळे. सुईचं नेढं आणि कापडाचा रंग कळेना.

"एखादं विकत आणू," हरिहरराव म्हणाले.

"माझं नातवंड दुकानातल्या दुपट्यावर निजणार? डोळे माझे गेलेत. तुमचे आहेत ना?"

"अगं, मला साधं बटण लावता येत नाही."

"पीएचडी करता आली. धावदोरा येईल."

असा माझा जन्म ठरला.

मालिनीताईंनी ट्रंक उघडायला लावली. हरिहररावांचं पूजेचं विरलेलं धोतर माझ्या पोटात गेलं. ऋजुताच्या लहानपणीच्या फ्रॉकच्या पट्ट्या काठाला आल्या. आणि दोन मुख्य कापडं: मालिनीताईंच्या आईचं लाल लुगडं, आणि ऋजुताच्या वेळी मालिनीताईंनी डोहाळजेवणाला नेसलेलं हिरवं पातळ. दोन्ही सुती, धुऊन धुऊन सारखीच मऊ झालेली. मालिनीताईंच्या बोटांनाही त्यांतला फरक लागेना.

"खाली लाल," त्या म्हणाल्या, "आणि मधोमध पोपट, हिरवा. पाळण्यावर टांगतात तसा. चोच तेवढी लाल."

हरिहररावांनी दोन्ही कापडं खिडकीशी नेली. चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली.

"हिरवंच घेतलंत ना पोपटाला?"

"हो. हेच असणार."

"असणार म्हणजे?"

"हेच," ते म्हणाले, आणि कात्री चालवली. कधी नव्हे ते एवढं ठाम बोलले.

शेजारी कुणाला विचारता आलं असतं. पण बाळ येण्याआधी बाळाचं काही लोकांच्या नजरेला पडू नये, अशी या घरची रीत. म्हणून मी दार लावून शिवलं गेलं. समोरची दीपाली कशाला आली, की मला उशीखाली सारायचे, आणि हरिहरराव हातात वर्तमानपत्र धरून बसायचे, कधी कधी उलटं. ऋजुताही तेव्हा जयगडला, सासरी.

पहिले काही दिवस वाईट गेले. बोटांना सुई टोचायची, दोरा गुंतायचा. मालिनीताई मला गालावरून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "इथं गाठ लागतेय. उसवा." ते निमूट उसवायचे. पण मग त्यांना काहीतरी सापडलं. एक चिंधी दुसरीशेजारी ठेवायची, नको वाटली तर फिरवायची, आणि अचानक दोन्ही एकमेकींसाठीच फाटल्यासारख्या जुळायच्या. जन्मभर त्यांनी वाक्याला वाक्य जोडलं होतं, आणि दर वेळी कुठेतरी फट राहिली असेल या धास्तीनं झोप घालवली होती. इथं फट दिसली तर आणखी एक टाका घालता येत होता. दुपारी भाट्याच्या खाडीकडून वारा सुटला, की दोघं बाल्कनीच्या दाराशी बसत. "हे कापड कुठलं?" ते विचारत. त्या चाचपून सांगत, आणि मग त्या फ्रॉकची, त्या धोतराची गोष्ट निघे. हरिहरराव कुलुपाचं विसरून जात. मी माझ्या कानांनी ऐकलंय, शिवताना ते गुणगुणायचे. बेसूर, पण गुणगुणायचे.

बाराव्या दिवशी बारसं. ऋजुता बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता. बायका पाळण्याभोवती जमल्या आणि मालिनीताईंनी मला कपाटातून स्वतः काढून आणलं. डोळे गेले तरी घरची रीत चुकली नाही, हे सगळ्यांनी बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. हरिहरराव भिंतीला टेकून उभे. दीपालीनं मला उलगडलं.

"काकू, ह्यो पोपट लाल कसा वो?"

कुणीतरी पदरात हसलं.

"लाल?" मालिनीताईंनी विचारलं. "आणि चोच?"

"चोच हिरवी. खालचं कापड पण हिरवंच."

हरिहरराव पुढे आले. "माझी चूक. मी... द्या इकडे, आत्ता उसवतो."

मालिनीताईंनी मला आपल्याकडे ओढून घेतलं. मी त्यांच्या मांडीवर होतं. त्यांची बोटं पोपटाच्या कडेनं सावकाश फिरत होती. मग त्या म्हणाल्या, "मिरची जास्त झाली असेल त्याला. सगळी अंगात उतरलीय."

दीपालीच आधी हसली. मग सगळ्याच.

"अगं पण," हरिहरराव म्हणाले, "तुला हवं होतं तसं..."

"मला गाठ न टोचणारं हवं होतं. एक तरी टोचतेय का? ऋजू, घाल गं पाळण्यात."

ऋजुतानं मला अंथरलं आणि बाळाला माझ्यावर ठेवलं. त्यानं पाय झाडले, एक जांभई दिली आणि यज्ञेश हे नाव कानात पडायच्या आत मला ओलं केलं. हरिहररावांचा चेहरा तेव्हा कुठे सैल झाला.

त्यानंतर मी भरपूर जगलं. यज्ञेशनं माझी चोच चोखून चोखून झिजवली. माझा तंबू झाला, होडी झाली, एकदा पायरीच्या आंब्यांवर पांघरूण झालं आणि तो डाग अजून आहे. मग त्याला कार्टूनच्या चादरी आल्या आणि मला माळ्यावर टाकलं. तिथं मला फार वाईट वाटलं, असं म्हणू का? बहुधा एका कोपऱ्याला वाटलं. धोतर मात्र निवांत झोपलं होतं.

खाली हरिहरराव शिवतच राहिले. पण रंगाचं त्यांनी पुन्हा कधी स्वतः ठरवलं नाही. दीपाली चिंध्या निवडून देते. लाल चिंधीच्या टोकाला एक गाठ, हिरवीला दोन. ती गाठ मालिनीताईंना बोटांनी कळते, आणि त्या सांगतील तसं ते लावतात. "लक्षच नसतं माझं," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यांची खात्रीच होती, की बारशातली फजिती त्यांच्या वेंधळेपणाची.

आता मी पुन्हा खाली आलंय. हरिहररावांच्या गुडघ्यांवर असतं. काठ विरलाय, पोटातलं धोतर एकीकडे गोळा झालंय. माझी एवढीच विनवणी, की घरातलं जुनं मऊ कापड लगेच पुसायला घेऊ नका. एखाद्या दुपारी दोघांनी बसून ते जोडून बघा. चुकलं तरी बाळाला ऊब येते.

आणि आणखी एक. ते मात्र पक्कं आहे, चिंध्यांच्या भरवशावरचं नाही. यज्ञेश तिसरीत गेला तेव्हा शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा त्याला दिसेना. डॉक्टरांनी ऋजुताला विचारलं, "तुमच्या वडिलांचं काय?" म्हणून तिनं हरिहररावांनाही नेलं. त्यांनाही दिसला नाही. लाल आणि हिरव्यातला फरक दोघांनाही कळत नाही, जन्मापासून. आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे ते असं उतरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे ज्यानं मला शिवलं आणि ज्याच्यासाठी शिवलं, त्या दोघांना माझ्या पोपटात आजवर काहीच चुकलेलं दिसलं नव्हतं.