अक्षरांसकट सिनेमा

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास नर्स थेट बाइंडरबाईच्या दारात येऊन उभी राहिली. हातात मासळीची पिशवी. "आज कारणं नकोत. गाडी खाली उभी आहे, चल."

कारणं खरंच संपली होती. सर्दी झाली, पाहुणे आले, छापखान्यात बाइंडिंगचं जादा काम निघालं, असं काहीबाही बाइंडरबाई तीन महिने पुढे करत होती. त्याआधी मात्र ती, नर्स आणि शिंपीण, शाळेपासूनच्या या तिघी, महिन्यातला एक शनिवार-रविवार शिंपिणीकडे जमायच्या, हादडायच्या आणि लोळत सिनेमे बघायच्या. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षं कागद कापायच्या यंत्राशेजारी उभं राहून तिचे कान गेले होते. अगदी ठार नव्हे, पण समोरच्याचे ओठ दिसले नाहीत तर बोलणं म्हणजे नुसती गुणगुण. आणि सिनेमातली माणसं मेली पाठ फिरवूनच फार बोलतात.

शिंपिणीचं घर दुकानाच्या वर. शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलेलं, सोफ्याच्या पाठीवर कुणाचे तरी अर्धवट शिवलेले पडदे. शिंपिणीने "ये" म्हटलं, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. बाइंडरबाई चरकली.

नर्स सिंकपाशी मासे साफ करायला लागली, शिंपीण कांदा चिरायला बसली. बाइंडरबाईच्या वाट्याला मशरूमचं सूप ढवळायचं काम आलं. मागून शिंपिणीचा आवाज आला, पण तो नुसता आवाजच. तिने आपलं "हं हं" केलं. एवढ्यात सूप भस्सकन उतू गेलं आणि गॅस विझला.

"दोनदा सांगितलं, गॅस बारीक कर म्हणून!" शिंपीण आता पुढ्यात येऊन उभी होती. "मी काय भिंतीशी बोलते? त्या दिवशी बाजारातही चार हाका मारल्या, वळून पाहिलं नाहीस. आमच्याकडे यायचं नसेल तर तसं तोंडावर सांग की!"

बाइंडरबाईने डाव खाली ठेवला.

"ऐकू आलं नाही गं. बाजारातही आलं नसणार. मला नीट ऐकूच येत नाही. वर्ष होऊन गेलं."

शिंपिणीने कपाळावर हात मारला.

"बये, आणि मी इतके दिवस फुगून बसले? तुझ्या वाढदिवसाला मुद्दाम फोन केला नाही!"

"केला असतास तरी काय ऐकू येणार होतं?"

नर्सला असं हसू फुटलं की हातातला मासा सटकून सिंकमध्ये गेला. मग शिंपीणही हसायला लागली, आणि हसता हसता तिने नाक पुसलं, ते कांद्यामुळे नव्हतं.

"सोमवारी माझ्याबरोबर हॉस्पिटलात," नर्स बाइंडरबाईकडे तोंड करून म्हणाली. "कानाला मशीन लावावं लागलं तर लावायचं. चष्मा लावतेसच ना?"

"येते," बाइंडरबाई म्हणाली. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

दुपारी मासे, गरम पाव आणि उरलंसुरलं सूप घेऊन तिघी टीव्हीपुढे बसल्या. शिंपिणीने रिमोटची झाडून सगळी बटणं दाबली, तेव्हा कुठे टीव्हीच्या पडद्यावर खाली संवादांची अक्षरं उमटली. सिनेमा विनोदी होता. त्यातला नवरा तोंड उघडायच्या आतच बाइंडरबाई खो खो हसली, कारण त्याचं वाक्य तिने आधीच वाचलं होतं.

"ए, तू आधी हसू नकोस! मजा जाते," शिंपीण म्हणाली.

"मग तूही वाच."

"चष्मा दुकानात राहिलाय."

रविवारी रडका सिनेमा लावला. शिंपीण मांडीवर टॉवेल घेऊन मनसोक्त रडली. नर्स पहिल्या वीस मिनिटांतच उशी कवटाळून घोरायला लागली. ते मात्र बाइंडरबाईला ऐकू येत नव्हतं. ताटलीत सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे उरले होते. एक तिने शिंपिणीला दिला, नर्सच्या वाटणीचा स्वतः खाल्ला आणि पाय पसरून पुढची ओळ वाचायला लागली.