पांढरा गंज

"झुंबरकाका, इथे फक्त सही करायची," पल्लवी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

झुंबर गांगुर्डेंनी कागद जवळ ओढला. अंबडमधल्या पल्लवी मॅडमच्या छोट्या प्लेटिंग कारखान्यात ते बावीस वर्षं तपासनीस होते. धनराजशेठच्या प्रेसवर लोखंडी ब्रॅकेट बनायचे, मॅडमकडे त्यांवर जस्ताचं प्लेटिंग व्हायचं आणि आज जिथे मीटिंग होती त्या सातपूरच्या मोठ्या कंपनीत ते गाड्यांना लागायचे. वर्षभरापासून तिन्ही कंपन्यांचं काम एकत्र मोजलं जात होतं. दर महिन्याला एकच गुणपत्रक, तिघांनी मिळून भरायचं. मीटिंग हॉलच्या भिंतीवर पाटीच होती : 'एकत्र मोजू, एकत्र सुधारू.'

या महिन्यात अठराशे ब्रॅकेट गंजले होते. मोठ्या कंपनीला शहाण्णव गुण, धनराजशेठना ब्याण्णव, प्लेटिंगला एक्केचाळीस. तेवढाच आकडा लाल. खाली लिहिलं होतं, 'कारण : तपासणीतील हलगर्जी. उपाय : संबंधित तपासनीस बदलला.'

झुंबरनी ती ओळ दोनदा वाचली.

"बदलला म्हंजी? मीच ना ह्यो?"

"कागदापुरतं आहे, काका. उपाय दाखवला की गुण वाढतात. लाल राहिलो तर पुढची ऑर्डर जाईल."

"आन् हलगर्जी? ती बी कागदापुरतीच?"

समोर धनराजशेठशेजारी बसलेला मोठ्या कंपनीचा तरुण इंजिनिअर सार्थक लॅपटॉपमधून वर बघत म्हणाला, "काही प्रॉब्लेम?"

झुंबरनी ट्रेमधला एक गंजका ब्रॅकेट उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "साहेब, रंग बघा. पांढरा हाय, पीठ सांडल्यागत. प्लेटिंग पातळ असतं तर लाल गंज आला असता. पांढरा येतो तो माल वला ऱ्हायल्यावर. माझ्याकडं एकेका लॉटचं माप हाय. थराची जाडी आठ मायक्रॉनच्या खाली एका पीसची नाय."

"ओला कुठे राहिला, हे कसं कळणार?"

"चला, दावतो."

कोणी हललं नाही. झुंबर दार उघडून चालू लागले, तेव्हा नाइलाजाने सगळे मागे निघाले. स्टोअरच्या मागे उघड्यावर खोक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. वरचं प्लास्टिक फाटलेलं. झुंबरनी वरचं खोकं कलतं केलं. गढूळ पाणी भळभळ सार्थकच्या बुटांवर आलं.

"किती दिस झालं हे हितं पडून?" त्यांनी स्टोअरकीपरला विचारलं.

"दोन आठवडे. आत जागाच नाय."

सार्थक दोन पावलं मागे सरला. "पण गुणपत्रकात स्टोरेजचा कॉलम नाहीये. माल आमच्या गेटच्या आत आला की पुढचं मोजत नाही आपण."

"मंग एकत्र मोजता काय तुमी?" झुंबर ओरडले. त्यांचा आवाज पत्र्याच्या शेडवर आदळला. "शेठ, तुमी बोला. दर हप्त्याला येता हितं, तुमी बी बघितलंय हे!"

धनराजशेठनी मोबाइल खिशात घातला. "माझे ब्याण्णव आहेत, झुंबर. मला यात ओढू नको."

"पुढच्या तिमाहीत कॉलम घालू," सार्थक म्हणाला. "या महिन्याचं मात्र आजच बंद करावं लागेल."

झुंबरनी सही केली नाही. पल्लवी मॅडमनी केली.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "पगार तोच राहील, काका. पण ते बघायला आले तर टेबलावर दुसरं कोणी दिसायला हवं. तुम्ही फक्त पॅकिंगला बसा."

"पगाराचं कोण बोललं?" झुंबर म्हणाले.

सोमवारी तपासणीच्या टेबलावर ललिता होती. काम तिला झुंबरनीच शिकवलं होतं. ते जवळून जाताना ती उठून उभी राहिली. त्यांनी हातानेच तिला बसायला सांगितलं.

दुपारी पल्लवी मॅडम पॅकिंगमध्ये आल्या आणि थबकल्या. प्रत्येक खोक्याच्या चारही बाजूंना काळ्या मार्करने लिहिलं होतं, 'माल तपासून दिला आहे. उघड्यावर ठेवू नये. झुंबर गांगुर्डे.'

"काका, नाव कशाला?"

"तिथं कागदावर तुमी लिहिलं. हितं मी लिहितो."

झुंबरनी पुढचं खोकं ओढलं, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि मार्करचं टोपण काढलं.