उलट्या हातांचा फलंदाज

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात. आयोवातल्या विनफोर्ड कॉलेजनं बेसबॉलच्या बाबतीत तेच खरं करून दाखवलं. संघ जिवंत होता तोवर त्याला गणवेश मिळाले ते दुसऱ्यांनी टाकलेले, आणि बस मिळाली ती उतरून ढकलायची. मग नवे अध्यक्ष डॉ. प्रेस्कॉट आले आणि एका बैठकीत त्यांनी संघाचा गळा आवळला. मैदानाचं पार्किंग झालं. पुढे त्याच पार्किंगच्या कडेला त्यांनी फलंदाजाचा ब्राँझचा पुतळा उभारला आणि अनावरणाला ऑर्व्हिल कॅडलेकला बोलावलं.

ऑर्व्हिल हा संघाचा शेवटचा कोच. आयुष्यभर त्यानं पोरांना सभ्यपणे हरायला शिकवलं, असं त्याची बायको अर्मा म्हणायची.

"ज्यानं मारलं त्याच्याच दारात मयताला जायचं?" ती म्हणाली.

"पोरं येणारेत गं."

पोरं म्हणजे टक्कल पडलेले, पोटं सुटलेले पन्नाशीचे बाप्ये. ते मागच्या रांगेत खुर्च्या करकरवत बसले होते.

"बेसबॉल आमच्या रक्तात आहे!" डॉ. प्रेस्कॉट माइकवर गरजले.

"मग रक्तदान कशाला केलंत?" मागून डेल नीमान ओरडला. हा एके काळचा संघाचा कप्तान, आता विमा विकायचा.

पडदा सरकला. टाळ्या कडाडल्या. मागच्या रांगेत मात्र फिस्सकन हसू फुटलं. पुतळ्यातला गडी उजव्या हातानं खेळायला उभा होता, पण खांद्यापाशी उभ्या धरलेल्या बॅटवर डावा हात वर आणि उजवा खाली. बेसबॉलमध्ये अशा वेळी उजवा हात वर लागतो. ज्यांनी पुतळा पसंत केला, त्यांच्यातल्या कुणी जन्मात बॅट धरलेली नव्हती.

"अहो अध्यक्ष, याचे हात उलटे बसवलेत!" डेल म्हणाला.

डॉ. प्रेस्कॉट लालबुंद झाले. शिल्पकार स्वतःचे बूट न्याहाळू लागला.

"कोच, खरंच चुकलंय का हो?" डॉ. प्रेस्कॉटनी विचारलं.

इतक्या दिवसांचा राग काढायची ऑर्व्हिलला ही आयती संधी होती. तो माइकपाशी गेला, पुतळ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याला एकदम आपली पोरं दिसली.

"काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "आमची पोरं बॅट अशीच धरायची. म्हणून तर हरायची."

हशा उसळला. डेल तर डोळे पुसायला लागला.

"नीमान, तू दात काढू नकोस. हा तूच आहेस!"

डॉ. प्रेस्कॉट सुटकेचा श्वास टाकून सगळ्यात मोठ्यानं हसले.

"फक्त एक राहिलं," ऑर्व्हिल त्यांच्याकडे वळून म्हणाला. "याच्या पाठीतली सुरी. ती तेवढी बसवून घ्या. कोणाच्या हातची, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

पाहुण्यांचं हसू तिथंच विरलं. मागची रांग तेवढी खुर्च्या बडवत राहिली. कोणीतरी घाईघाईनं माइक बंद केला आणि बँडला खूण केली.

पोरांनी कोचला आणि अर्माला गावातल्या हॉटेलात तळलेल्या पोर्कचं सँडविच खायला नेलं. तिथं ऑर्व्हिल बायकोकडे वळला.

"अर्मा, खरं सांग. आपण इतके वाईट खेळायचो?"

"त्याहून वाईट," अर्मा म्हणाली. "मी दर शनिवारी यायचे, ते काय खेळ बघायला होय? तो सॉस सरकव इकडे."