हेरॉन पॉइंटचं शेवटचं मत

हेरॉन पॉइंट मतदारसंघ रद्द झाल्याची बातमी प्रांताच्या राजधानीहून, विनिपेगहून, साध्या टपालाने आली. नकाशा नव्याने आखताना आयोगाने त्याचे दोन तुकडे केले, एक उत्तरेला जोडला, एक दक्षिणेला, आणि नाव पुसून टाकलं. सत्तर-बहात्तर वर्षं इथल्या लोकांनी बर्फ तुडवत जाऊन मतं टाकली, पण दोन शब्द बोलायलाही कोणी इकडे फिरकलं नाही. मेल्या सरकारी कारभाराला कधी माया असते का!

गाव मात्र रीतीचं. म्हातारं माणूस गेलं की घालतात तसं मतदारसंघाचंही जेवण घालायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी सभागृहात तळ्यातला मासा, आलुबुखाराचा थरांचा केक आणि पिंपभर कॉफी. आधी कोणीतरी मतदारसंघाचा इतिहास वाचायचा. कोणी? यात विचारायचं काय? स्वावाने. शाळेतून निवृत्त झालेली, वीसेक वर्षं इथली निवडणूक अधिकारी, आणि आता त्र्याहत्तर वर्षांची.

"अम्मा, दोन पानांत आटप हो," दुकानदार सिग्वाल्डी म्हणाला; इथे आजीला अम्मा म्हणतात. "नाहीतर मासा गार होईल."

"तुझ्या दुकानातला असला तर गार काय नि गरम काय, चव एकच," स्वावा म्हणाली.

पहिली निवडणूक तिने झरझर लिहिली. तेव्हा मतपेटी होडीतून यायची आणि एकदा तळ्यात पडता पडता वाचली होती. मग एकोणीसशे त्रेपन्न साल आलं आणि पेन अडलं ते अडलंच. तीन दिवस ती कोऱ्या पानासमोर बसून होती.

त्या साली तिचा सख्खा भाऊ उभा होता. हाल्डोर. तळ्यावरचा कोळी, हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून जाळी टाकणारा. त्याचं मागणं एकच: गावातलं आठ खाटांचं इस्पितळ गावातच राहू द्या. समोर वॉल्टर प्रेंटिस, साठ मैलांवरच्या गावाचा लाकूडवाला, आणि त्याला इस्पितळ तिकडे न्यायचं होतं. मतं मोजली तर दोघांना तेराशे शहाऐंशी. न्यायाधीशांसमोर पुन्हा मोजली, तरी तेवढीच.

कायदा असा की निवडणूक अधिकाऱ्याने एरवी मत द्यायचंच नाही. बरोबरी झाली तर मात्र त्याचं एक मत, आणि तेही सर्वांसमोर बोलून. भरल्या कचेरीत स्वावा उभी राहिली आणि म्हणाली, "वॉल्टर प्रेंटिस."

काय वाहवा झाली म्हणता! वर्तमानपत्रात फोटो आला. पाद्रीबाबांनी प्रवचनात दाखला दिला की न्याय असावा तर असा. स्वावाही फुलून गेली, खोटं कशाला बोला. पुढच्याच वर्षी इस्पितळ गेलं. त्याच्या पुढच्या जानेवारीत हाल्डोरच्या बायकोच्या, आस्टाच्या, पोटात दुखायला लागलं. साठ मैलांतले चाळीस झाले आणि गाडी बर्फात रुतली. तिथेच ती गेली.

मयतानंतर सगळ्यांना देतात त्या कॉफीला हाल्डोर स्वतः किटली घेऊन फिरला. प्रत्येकाचा कप भरला; स्वावाचा रिकामाच ठेवून पुढे गेला. त्या दिवसापासून चौतीस वर्षं भावाबहिणीत शब्द नाही. एवढंसं गाव, एकच चर्च, एकच दुकान, आणि शब्द नाही!

शनिवारी दुपारी स्वावाने कोरं पान पिशवीत टाकलं आणि वृद्धाश्रमात गेली. हाल्डोर खिडकीशी बसला होता. ती बसलीही नाही.

"आज मला सगळ्यांसमोर वाचायचंय," ती म्हणाली. "त्याआधी तुला सांगते. मला तुझंच पटत होतं, हाल्डोर. इस्पितळ इथेच हवं होतं. पण बहिणीने भावाला खुर्चीवर बसवलं असं लोक म्हणतील, म्हणून भ्याले मी. प्रेंटिस मला कधीच लायक वाटला नव्हता. झालं. आता काय बोलायचं ते बोल. शिव्या घाल, पण बोल."

हाल्डोर तिच्याकडे वळला. मग चौतीस वर्षांनी त्याने तोंड उघडलं.

"तुला तो लायक वाटला नव्हता?"

"नाही."

"आस्टा गाडीत शेवटचं काय बोलली, माहितीये? म्हणाली, स्वावावर राग धरू नकोस. तिला मनापासून पटलं तेच तिने केलं, भावाची भीड धरली नाही, अशी माणसं कुठे मिळतात." त्याने आपल्याच हाताकडे पाहिलं. "मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं, स्वावा. शब्द दिला. पण तू समोर आलीस की माझी जीभच उचलायची नाही. इतकी वर्षं माझीच मला लाज वाटायची. तू खरी आणि मी खुनशी, असं वाटायचं. आज जेवणाला येऊन तुझ्याशेजारी बसणार होतो."

"मग चल ना," स्वावा रडत म्हणाली. "अजून वेळ आहे."

"कुणाशेजारी बसू? आस्टाने जिची बाजू घेतली, ती बाई तर नव्हतीच कधी."

त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली. स्वावाने दोनदा हाक मारली, लहानपणी मारायची तशी, "हाल्ली, ए हाल्ली." तो हलला नाही. शेवटी नर्सने तिला दंडाला धरून बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

सभागृहात लोक तासभर थांबले, मग मासा फारच गार व्हायला लागला म्हणून जेवायला बसले. इतिहास कोणी वाचला नाही. सिग्वाल्डी शोधत आला तेव्हा स्वावा अजून त्याच बाकावर होती. "अम्मा, अगं लोक किती थांबले तुझ्यासाठी! इथे काय करतेयस?" त्याने विचारलं.

"सांगायला नको होतं रे," ती म्हणाली. "त्याच्या आस्टाला मी आज पुन्हा मारलं."